मागची जागा

"तुमी मागे बसा," काकी मला म्हणाल्या. "वजन मागे व्हया."

मी तेव्हा तेहेतीस वर्षांची होते आणि मला बघायला आलेला माणूस समोर वल्हं धरून उभा होता. तोवर माझे पाहण्याचे अकरा कार्यक्रम झाले होते. कुणी रंगावरून बोललं होतं, कुणी चष्म्यावरून. एका बाईंनी मला दारापासून मोरीपर्यंत चालायला लावलं होतं. पण माझं वजन असं उघड्या किनाऱ्यावर, चारचौघांत कुणी काढलं नव्हतं. माझी धाकटी बहीण शलाका गळ्यातली दुर्बीण डोळ्यांना लावून एकदम समुद्राकडे बघायला लागली. ती हसत होती हे तिच्या खांद्यांवरून कळत होतं.

जयवंत हसला नाही. "मी बसतो की मागे," तो म्हणाला.

"तुमचा वजन किती?"

"एकोणसाठ."

काकींनी माझ्याकडे पाहिलं. मी आकडा सांगितला नाही, मागे जाऊन बसले.

ही सगळी रवीमामाची करणी. मामाचं म्हणणं असं की कांदेपोह्यांच्या बैठकीत सगळेच शहाणे दिसतात, माणूस बघायचा तर प्रवासात बघावा. त्याने पेपरात जाहिरात वाचली होती. देवगडच्या अलीकडे मिठखोल नावाचं गाव, तिथे समुद्राकाठी दोन दिवस तंबूत मुक्काम, मासळीचं जेवण आणि कयाकिंग. मामाला कयाक म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण मुलाकडच्यांना त्याने असं पटवलं की जणू दर मे महिन्यात आमच्या घराण्यात हेच चालतं. जयवंत साखर कारखान्यात केमिस्ट होता. हंगाम संपलेला, त्यामुळे त्याला सुट्टी. मी सांगलीच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायचे, मलाही सुट्टी. सोबतीला म्हणून शलाका.

शलाकाचं खरं तर ठरल्यात जमा होतं. कऱ्हाडचा सारंग, तिच्याच कॉलेजातला. त्याच्या घरचे तयार होते. आमच्या बाबांचं मात्र एकच, मोठीचं उरकल्याशिवाय धाकटीचा विषय काढायचा नाही. शेवटी सारंगच्या वडिलांनी निरोप धाडला होता की तुळशीच्या लग्नापर्यंत थांबतो, नंतर आम्हाला मोकळं करा. म्हणजे मी हो म्हटलं तर दोन लग्नं, नाही म्हटलं तर एकही नाही. सोमवारी सकाळी मामाला फोन करून काय ते सांगायचं होतं.

शलाका याबद्दल चकार शब्द बोलली नव्हती. पण सांगलीहून निघताना तिने एसटीत मला खिडकी दिली. लहानपणापासून खिडकीवरून आमच्या झिंज्या उपटून झाल्या होत्या, आणि त्या दिवशी तिने न मागता दिली. मी घाट उतरेपर्यंत त्या खिडकीत बसले आणि मला एक मिनिटही बरं वाटलं नाही.

काकी म्हणजे चंद्राकाकी कुबल, त्या मुक्कामाच्या मालकीण. नवरा इंजिनाच्या होडीतून पाहुण्यांना डॉल्फिन दाखवायला न्यायचा, बाकी सगळं काकींच्या हातात. दुपारी जेवताना त्यांच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर होतं, त्याच्याकडे बघून त्या म्हणाल्या, "आज षष्ठी. सहाचा पाऊणपट साडेचार. साडेचाराक भरती पुरी. त्याच्या आधी खाडीत परत येवा. मगे पाणी भायर ओढता."

मी जेवता जेवता थांबले. तिथीला पाऊणपट केलं की भरती पूर्ण व्हायची वेळ येते, हे मला तोवर माहीत नव्हतं. पाऊणकी आजोबांनी पाठ करून घेतली होती, पण तिचा उपयोग पहिल्यांदा दिसत होता. मी लगेच पडताळा घेतला. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, द्वादशीला नऊ. काकी ऐकत राहिल्या.

"तुमका गणित येता," त्या म्हणाल्या. "पाणी येता काय?"

"पोहता येतं."

"ता नाय इचारलंय मी."

जयवंत ताटात बघून भात कालवत होता. शलाकाने मला टेबलाखालून पाय मारला.

तर अशी मी मागे बसले. कयाक म्हणजे प्लॅस्टिकची लांबोडकी होडी, दोन माणसांची, एकापुढे एक. काकींनी दोनच नियम सांगितले. "पुढच्यान मोजूचा, मागच्यान वळवूचा. पुढच्याक मागचो दिसणा नाय, म्हणान मागच्यान त्याच्या हाताबरोबर हात ठेवूचो. आनी खाडीच्या तोंडाच्या भायर जाव नकात."

तीनच्या सुमाराला निघालो. जयवंत हळू आवाजात एक-दोन, एक-दोन मोजत होता. माझ्यासमोर त्याची पाठ. शर्टाच्या कॉलरमागे शिंप्याची पट्टी उलटी बाहेर आली होती, पांढरी. मला ती सारखी दिसत होती. सांगावं असं वाटलं, मग वाटलं कशाला, आपली काही एवढी ओळख नाही.

"पोहता येतं ना तुम्हाला?" मी विचारलं.

"येतं. विहिरीत शिकलोय."

"समुद्रात?"

"समुद्र आज दुसऱ्यांदा बघतोय."

मग पुन्हा एक-दोन. बाराव्या कार्यक्रमाचा मला कंटाळा यायला लागला होता. पूर्वीचे निदान बढाया तरी मारायचे. हा विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायचा आणि मोजायला लागायचा. मी वर्गात पहिल्या बाकावरच्या मुलीला विचारावं तसे प्रश्न विचारत होते आणि तो पहिल्या बाकावरच्या मुलीसारखीच उत्तरं देत होता.

खाडीचं तोंड जिथे समुद्राला मिळतं तिथे पाण्यात जाळी बांधायचे लाकडी खांब रोवलेले होते. त्यांच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी, पांढऱ्या वाळूची एक पुळण दिसत होती. अंगणाएवढी. माणूस नाही काणूस नाही.

"तिकडे जाऊ या," मी म्हणाले.

"काकी बाहेर नको म्हणाल्यात."

"तुम्ही सगळ्यांचं सगळं ऐकता का?"

"ज्याला त्यातलं कळतं त्याचं ऐकतो," तो म्हणाला.

"भरतीला अजून पाऊण तास आहे. मी हिशेब केलाय."

मी वल्हं टाकून होडीचं तोंड वळवलं. मागचा माणूस वळवतो, हा नियमच होता. तो पुन्हा मोजायला लागला.

पुळणीवर मी शिंपले वेचले. तो सावलीला एका दगडावर बसला. त्याला गप्प बसलेलं बघून मला आणखी चीड यायला लागली, म्हणून सरळ विचारलं, "अडतीस वर्षांपर्यंत तुमचं लग्न का नाही झालं?"

"आई आजारी होती. सात वर्षं अंथरुणावर. मागच्या वर्षी गेली."

"कोण करायचं तिचं?"

"मी आणि भाऊ. पाळीपाळीने. बाई ठेवली होती, पण आईला परकं माणूस नको असायचं."

"अवघड असेल."

"काम अवघड नव्हतं," तो म्हणाला. "तिला लाज वाटायची. मुलाने आपलं सगळं करायचं म्हणजे. मी भिंतीकडे बघून करायचो. न्हाऊ घालणं, लुगडं बदलणं, सगळं भिंतीकडे बघून. मग तिला बरं वाटायचं. सवय होते."

हे त्याने शिंपल्याबद्दल सांगावं तसं सांगितलं. मी "हं" म्हणाले. मला वाटलं, याला कुणाकडे बघायची सवयच राहिलेली नाही. खरंच असं वाटलं, आता लिहिताना बोट अडतं.

सव्वाचारला तो उठला. "निघायला हवं."

"पंधरा मिनिटं आहेत अजून."

साडेचारला तो पुन्हा उठला. मी म्हणाले की भरती पूर्ण झाली म्हणजे लगेच ओहोटीचा लोंढा सुटत नाही, आधी पाणी जरा थबकतं. हे मी भूगोलाच्या पुस्तकात वाचलं होतं. तो परत दगडावर बसला. आम्ही निघालो तेव्हा पाच वाजून गेले होते.

खांबांपाशी आल्यावर कळलं. खाडीतलं सगळं पाणी त्या अरुंद तोंडातून बाहेर पडत होतं आणि आम्हाला आत जायचं होतं. वल्हं मारलं की होडी हातभर पुढे सरकायची, वल्हं उचललं की तेवढीच मागे यायची. जयवंतने मोजणं बंद केलं, कारण मोजायला दम नव्हता. मी वाट बघत होते की आता म्हणेल, मी सांगितलं होतं. माझ्या ओळखीचा कुठलाही पुरुष एव्हाना म्हणाला असता. बाबांनी तर चार वेळा म्हटलं असतं. तो काही म्हणाला नाही. कॉलरची पट्टी घामाने मानेला चिकटली होती आणि त्याचे कान लाल झाले होते.

इथे आमच्या आईची गोष्ट सांगायला हवी. बाबा रस्त्याने नेहमी पुढे चालायचे, आई दहा पावलं मागे. एका वर्षी गणपतीच्या गर्दीत आई मागे राहिली. बाबा घरी आले, चपला काढल्या, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "चहा टाक." घरात कुणी नव्हतंच. आई दीड तासाने आली, चालत, आणि आल्या आल्या तिने चहा टाकला. घरात ही गोष्ट हसून सांगतात. आईसुद्धा हसून सांगायची. मी तेव्हा चौदा वर्षांची होते आणि मनात एक ठरवून टाकलं होतं, मागे वळून न बघणाऱ्या माणसाच्या मागे आपण चालायचं नाही.

आणि माझ्यासमोर ती पाठ होती.

मी वल्हं उचललं आणि मांडीवर आडवं ठेवलं. हात दुखत होते, पण गळाले नव्हते. दमून ठेवलं नाही. बघू या म्हणून ठेवलं. याला कळतं का, हा वळतो का, मागे आहेस ना असं विचारतो का.

डाव्या हाताला एक खांब होता, त्याला निळी दोरी बांधलेली. होडी त्या खांबाशी अडकल्यासारखी उभी राहिली. जयवंत एकटा डावीकडे मारी, उजवीकडे मारी, आणि निळी दोरी तिथल्या तिथेच. मी त्याचे हात मोजायला लागले. वीस झाले, चाळीस झाले. त्याचा श्वास ऐकू येत होता. साठाला तो म्हणाला, "थोडंच राहिलंय हं." समोर बघूनच म्हणाला. मला वाटलं स्वतःलाच सांगतोय. नव्वदच्या पुढे त्याचं वल्हं एकदा हातातून सटकलं, त्याने ते धरलं, आणि पुन्हा मारायला लागला. तो वळला नाही.

शंभर झाल्यावर मी वल्हं पाण्यात घातलं. दोघांच्या जोराने होडी खांब सोडून पुढे सरकली आणि दहा-बारा मिनिटांत आम्ही आतल्या संथ पाण्यात आलो. मला फार शांत वाटत होतं. पेपर तपासून झाल्यावर वाटतं तसं. उत्तर मिळालं होतं आणि ते नाही असं होतं. शलाकाचा विचार आला, तो मी बाजूला सारला. बाबांना समजावता येईल, अशी मी मनाची समजूत घातली.

शलाका धक्क्याच्या टोकाला उभी होती, गळ्यात दुर्बीण. तोंड उतरलेलं. आम्हाला उशीर झाला म्हणून घाबरली असेल असं मला वाटलं. मी होडीतून उतरून तिच्याकडे हात केला, तर ती मला ओलांडून जयवंतकडे गेली.

"हात बघू तुमचे," ती म्हणाली.

त्याने मुठी मिटल्या होत्या. तिने एक उघडली. तळव्याची कातडी दोन ठिकाणी निघाली होती आणि वल्ह्याच्या दांड्यावर रक्त लागलं होतं.

"काही नाही," जयवंत म्हणाला. "सवय नाही ना."

शलाका त्याला काकींकडे घेऊन गेली. जाताना तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. काय बोलायचंय ते बोलून टाक, असं मी म्हणणार होते, पण तोवर ती वळली होती.

दिवेलागणीला मी तंबूत पडले होते. काकी वाटीत गरम तेल घेऊन आल्या.

"खांद्याक लावा. ओवा घालून कढवलंय."

"माझ्या खांद्याला काही झालं नाही, काकी."

"लपवतास कित्या? पावण्यांनी सांगितल्यानी माका." त्या माझ्या उशाशी बसल्या. "म्हणाले, तोंडापाशी त्यांचो हात गळान गेलो. होडी जड झाली, तेवा माका समाजला. म्हणाले, मी मागे बगलंय नाय, त्यांका कानकोंडा होतला. तुमका सांगू नको म्हणान सांगितल्यानी. तेल तेवढा द्या म्हणाले." काकींनी वाटी माझ्या हातात दिली. "माझ्या पोटात काय रवणा नाय बाय. चांगलो माणूस आसा."

त्या गेल्यावर मी ती वाटी हातात धरून बसले. थोडंच राहिलंय हं. ते त्याने मला सांगितलं होतं. मागे एक बाई दमून गेलीय, तिला वाईट वाटू नये, म्हणून हा माणूस भिंतीकडे बघून वल्हं मारत होता. आणि मी त्याचे हात मोजत होते, रक्त येईपर्यंत.

मग मी तेल लावलं. दोन्ही खांद्यांना, नीट चोळून. खांदे ठणठणीत होते. लावलं नसतं तर काकींनी विचारलं असतं. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि त्या लाजेला आत कुठे ठेवायचं तेही कळत नव्हतं.

जेवताना त्याच्या दोन्ही हातांना हळदीच्या पट्ट्या होत्या. शलाकाने त्याच्या ताटातल्या माशाचे काटे काढून दिले. मी आमटी वाढली.

रविवारी सकाळी तो वाळूत चहा घेऊन बसला होता, कप दोन्ही मनगटांत धरून. मी शेजारी जाऊन बसले. रात्रभर मी वाक्य जुळवलं होतं. मी दमले नव्हते, मी मुद्दाम थांबले. एवढंच. पहिलीतल्या मुलीला पाठ होईल एवढं छोटं.

"खांदा कसा आहे?" त्याने विचारलं. विचारून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की हे आपल्याला माहीत असायला नको होतं, आणि तो ओशाळला. "म्हणजे, सहज विचारलं."

त्या क्षणी सांगता आलं असतं.

"बरा आहे," मी म्हणाले.

तो चहा प्यायला. मग म्हणाला, "माझ्याकडून हो आहे. तुमच्यावर दडपण नको. मामांना सांगा काय ते."

त्याच्या कॉलरची पट्टी आजही बाहेर होती. शर्ट दुसरा होता. मी हात पुढे करून ती आत घातली. तो एकदम ताठ झाला, मग हसला. दोन दिवसांत तो तेवढा एकदाच हसला.

एसटीत मी शलाकाला खिडकी दिली. तिने घेतली.

सोमवारी मी मामाला फोन केला आणि नाही म्हणून सांगितलं. मामा चाट पडला. मुलाकडून तर कालच होकार आला होता, मुलगा मोठा खूश होता म्हणे.

"कारण काय सांगू मी त्यांना?" मामाने विचारलं.

"मागे वळून बघत नाही तो माणूस," मी म्हणाले. "आईचं झालं तेवढं पुरे."

हे कारण घरात सगळ्यांना पटलं. आईला तर फारच पटलं, ती आत जाऊन रडली. खरं कारण असं की तो मला आवडला होता. लग्न झालं असतं तर रोज सकाळी ते हात बघावे लागले असते. सांगून टाकलं असतं तर त्याने माफ केलं असतं, याची मला खात्री होती, आणि तेच मला नको होतं. चुकलेल्या माणसाला वाटेल ते चालतं, समोरच्याचा चांगुलपणा तेवढा सोसत नाही.

बाबांना मी खरोखरच समजावायला गेले. माझी वाट बघू नका, शलाकाचं उरका. बाबा पेपर वाचत होते. दिवाळी आली, गेली. सारंगच्या घरच्यांनी तुळशीच्या लग्नापर्यंत वाट बघितली, मग नाही बघितली. मार्गशीर्षात त्याचं दुसरीकडे ठरलं. शलाका तेव्हा एका शाळेच्या ग्रंथालयात नोकरीला होती; आठवडाभर ती कामाला जायची आणि घरी येऊन झोपायची. माझ्याशी ती नीटच वागली. बाबांना मग एकाएकी धाकटीची काळजी लागली, आणि पुढच्या वर्षी तिचं नाशिकच्या संजीवशी लग्न झालं. मोठी तशीच घरात असताना. संजीव साधा आहे, प्रेमळ आहे. ती सुखात आहे. सारंगबद्दल मी तिला कधी विचारलं नाही.

माझे पुढचे कार्यक्रम मी बंद केले. पण त्या वाक्याची घरात म्हणच झाली. कुणी लग्नकार्यात मला खोदून विचारायला लागलं, एवढं चांगलं स्थळ का गं सोडलंस, की शलाकाच पुढे व्हायची. "अहो, मागे वळूनसुद्धा बघत नव्हता तो. मी होते ना तिथे." सगळे हसायचे आणि विषय संपायचा. दर वेळी तीच सांगायची. मला वाटायचं, तिला तो विनोद आवडतो.

याला चौदा वर्षं झाली. गेल्या मे महिन्यात शलाका, संजीव, त्यांची दहा वर्षांची रेवा आणि मी मालवणला गेलो होतो. किनाऱ्यावर रंगीत कयाक ओळीने लावलेल्या होत्या. या तीन-तीन माणसांच्या होत्या. रेवाने हट्ट धरला. संजीवला पाण्याची भीती, तो सामान सांभाळत बसला.

"मी मधे, मावशी मागे," रेवा म्हणाली. "मावशी जाडी आहे."

"मावशीला पुढे बसव," शलाका म्हणाली. "मागे बसली की ती वल्हं मांडीवर ठेवते."

ती वाकून रेवाच्या जॅकेटचे पट्टे आवळत होती. एक पट्टा आवळला, दुसरा आवळला, मग पहिला पुन्हा सैल करून आवळला. वर बघितलं नाही.

मला धक्क्याचं टोक आठवलं. तिच्या गळ्यातली दुर्बीण आठवली, आणि मला ओलांडून ती आधी कुणाचे हात बघायला गेली ते. तिने सगळं बघितलं होतं. बसमधल्या खिडकीत बसून सांगलीपर्यंत ती ते घेऊन आली होती. सारंगचं मोडलं तेव्हा तिच्याजवळ ते होतं. एका शब्दात ती माझं नाक कापू शकली असती, बाबांसमोर, मामासमोर, कुणाहीसमोर. त्याऐवजी चौदा वर्षं ती माझं खोटं वाक्य माझ्या आधी म्हणत आली, मला ते म्हणावं लागू नये म्हणून.

"का ठेवते?" रेवाने विचारलं.

"दमते," शलाका म्हणाली.

मी पुढे बसले. मधे रेवा, मागे शलाका. कयाकवाल्याने आम्हाला पाण्यात ढकललं. लाट ओलांडून पलीकडे गेल्यावर मी मागे वळले. रेवाच्या डोक्यावरून शलाकाचा चेहरा दिसला, उन्हाने डोळे बारीक केलेला.

"शलाका," मी म्हणाले. "मी तेव्हा दमले नव्हते."

"माहितेय," ती म्हणाली. "पुढे बघ. पुढच्याने मोजायचं असतं."

मी पुढे बघितलं आणि मोजायला लागले.